आईची झोप झाली का?

स्वमग्न मुलाच्या थेरपीची चौकशी सगळे करतात. त्याच्या आईची झोप झाली का, हे क्वचितच कुणी विचारतं. मिक्सर लावण्याआधी त्याला आतल्या खोलीत नेणारी, टोचतं म्हणून प्रत्येक शर्टाचं लेबल उसवणारी, रात्री दोनला त्याच्यासोबत जागी असणारी ही आई पुष्कळदा नोकरी सोडून बसलेली असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीही येते. कित्येक पालकांच्या हे कानावरही आलेलं नसतं!

म्हणून या अंकात पालकांनाच लिहितं केलं आहे. काका-मावशी, शेजारी यांनी ते जरूर वाचावं आणि एखाद्या रविवारी दोन तास त्या मुलापाशी बसायला जावं.