खोबण एक, क्षमता अनेक

भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी टाईप-सीचे भारतीय मानक जाहीर केले. खोबणीचा आकार एक झाला, तरी तिच्या आतली क्षमता एक झालेली नाही. चामराजपेटेतील एखादा विद्यार्थी आपल्या सुरक्षित लिनक्स लॅपटॉपला डॉक जोडतो. चार्जिंग होते, कळफलक चालतो, मॉनिटर मात्र काळाच राहतो.

काही डॉक डिस्प्लेपोर्टचे संकेत तसेच पुढे पाठवतात. त्यासाठी लॅपटॉपच्या खोबणीत ती सोय असावी लागते. डिस्प्लेलिंकच्या डॉकला कर्नेलमध्ये ‘ईव्हीडीआय’ हे मोड्यूल लागते. त्यावर विश्वासार्ह स्वाक्षरी नसेल, तर सिक्युअर बूट चालू असताना बहुतेक लिनक्स वितरणांचे कर्नेल ते नाकारते. मग सिक्युअर बूटच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. किल्ली सापडेना म्हणून दारच उखडण्याचा हा प्रकार! कर्नेलमधील मोड्यूलला साऱ्या यंत्रावर अधिकार मिळतो. म्हणूनच तो नकार हा दोष नसून पहारा आहे. स्वतःची किल्ली नोंदवून मोड्यूलवर स्वाक्षरी करणे, हाच योग्य मार्ग.

परंतु सारा भार ग्राहकावर का? खोबण चित्र वाहते की नाही आणि डॉकला वेगळे मोड्यूल लागते की नाही, हे वेष्टनावर छापणे सक्तीचे व्हावे. आकाराच्या मानकाला माहितीच्या मानकाची जोड हवी.