दादाची सुई

परवा मधल्या सुटीत एक पोट्टा दंडाची बेडकुळी दाखवत म्हणाला, "सर, दादाची पहा ना, केवढी! तो जिममध्ये ताकदीची सुई घेते."

ही सुई म्हणजे बहुधा स्टेरॉइड. टेस्टोस्टेरॉन या शरीरातल्या संप्रेरकाची कारखान्यात केलेली नक्कल. स्नायू फुगतात, हे खरं. पण वाढत्या वयात वेगळाच घोटाळा होतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, तिच्यामुळे उंची वाढते. स्टेरॉइडने ती वेळेआधीच हाड बनून बंद होऊ शकते. मग दंड जाड अन् उंची तिथंच! पोरांची छाती मुलींसारखी वाढते, मुलींचा आवाज घोगरा होतो अन् बहुधा तसाच राहतो. यकृत, हृदय बिघडतं ते वेगळंच.

तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकला पोचले, पण लढू शकले नाहीत. त्यांच्या तपासणीत मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं होतं. कुणीतरी खाण्यात कालवलं, असं ते म्हणत. क्रीडा लवादाने मानलं नाही. चार वर्षांची बंदी!

पालकांनो, सुई एकदम सोडली तर पोरं उदास होतात, म्हणून डॉक्टर हवाच. त्या दादाला मी रविवारी घरी बोलावलंय. येतो का, पाहू.