रिपोर्टला तीन दिवस का?

पावसाळा आला की घोडपदेवात आम्हाला हमखास विचारले जाते, "आपा, शौचाचा नमुना सोमवारी दिला, लॅबवाला गुरुवारी या म्हणतो. तीन दिवस करतात तरी काय?"

आतड्यात कोट्यवधी जंतू नांदतात, बहुतेक निरुपद्रवी. त्या गर्दीत आजार करणारे साल्मोनेला मूठभर. नमुना थेट बशीत पसरला, तर नेहमीचे ई. कोलाय सारी जागा बळकावतात. म्हणून नमुना आधी सेलेनाइट घातलेल्या पातळ रसात रात्रभर ठेवतात. सेलेनाइट ई. कोलायला काही तास दाबून धरते, तेवढ्यात साल्मोनेला वाढून घेतात. जास्त वेळ ठेवून चालत नाही, दबलेले पुन्हा डोके काढतात. कॉलऱ्याच्या जंतूची आवड निराळी. त्याला खारट, अल्कधर्मी पेप्टोनचे पाणी लागते, सहा-आठ तास पुरतात. दुसऱ्या दिवशी बशी, तिसऱ्या दिवशी ओळख आणि कोणते औषध लागू पडते याची तपासणी.

जंतूंना काय खाऊ घालावे, हा विचार आपल्या शेजारच्या परळमध्ये फार पूर्वी झाला आहे. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लसीचे जंतू वाढवायला गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले असते, तर हिंदू-मुसलमान दोघेही दूर पळाले असते. म्हणून रस बोकडाच्या मांसाचा केला, वर तुपाचे थेंब सोडले. लोकांची भीती जावी म्हणून तिसऱ्या आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली. धर्म सांभाळूनही काम अडले नाही, हे आम्हाला आवडते.

आता आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी धाकट्याला जुलाब आणि ताप होता. कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या दिल्या आणि मग नमुना नेला. रिपोर्टमध्ये काहीच उगवले नाही. अर्धमेले जंतू रसातही वाढत नाहीत. डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागले, पोरगा आठवडाभर जास्त पडून राहिला.

तेव्हा डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तर गोळीच्या आधी नमुना घ्या. लॅबचीच डबी वापरा, घरची फिनेलने धुतलेली नको. लघवी मिसळू देऊ नका, तास-दोन तासांत पोचवा. ओआरएस मात्र लगेच सुरू करा. मूल सुस्त पडले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर थेट रुग्णालय गाठा. गुरुवारची वाट पाहू नका.