एकच 'बार', दोन दारे



बिबवेवाडीतल्या आमच्या विहारात रविवारी मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यात 'बार' आहे. मग चौकातल्या पाटीवरचा 'बिअर बार' तो हाच का?" पोरे हसली. मला हसू आले नाही. पगाराच्या दिवशी त्या पाटीखाली कोणाकोणाचे बाप बसतात, हे मला ठाऊक होते.

शब्द तोच आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला 'बार' म्हणजे दांडा, अडसर. तुरुंगाचे गज, बांधकामावरची सळई, व्यायामशाळेतला डबल बार, सारे त्याचेच. आमच्या कचेरीत मुदत टळलेल्या बिलावर 'टाइम बार' असा शेरा पडतो, तोही अडसरच. फक्त डोळ्यांना दिसत नाही. (आपला 'फुसका बार' निराळा, तो या घराण्यातला नव्हे.)

विलायतेतल्या गुत्त्यात दारू आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडवी फळी असे. तिला बार म्हणत. पुढे साऱ्या दुकानालाच ते नाव पडले.

लंडनच्या कायद्याच्या संस्थांतही कठडा असे. एका बाजूला ज्येष्ठ वकील, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. शिक्षण पुरे झालेल्याला त्या कठड्यापाशी बोलावीत. तो बॅरिस्टर. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला पाण्याच्या नळाला हात लावायची बंदी होती, त्याने १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले. १९२० साली पैसे जमवून बाबासाहेब पुन्हा गेले आणि १९२२ साली त्या कठड्यापाशी पोहोचले. १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण सारे म्हणतो, मोठ्याने म्हणतो.

मुलीने सगळे वहीत उतरवले आणि पुन्हा विचारले, "काका, चौकातला बार बंद करता येतो का?"

येतो. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. आडवीला नियमाने ठरवलेली पुरेशी मते पडली पाहिजेत.

पुढच्या रविवारी तिची आई चार बायकांना घेऊन विहारात आली. मतदार यादी कुठे मिळते, असे विचारत होती.