नोहाचा पूर आणि भीमेचा पूर



धर्मशिक्षणाच्या वर्गात नोहाची गोष्ट आली की हल्ली मुले विचारतात, "सर, हे खरंच घडलं, की नदीच्या पुराची गोष्ट मोठी करून सांगितली?" काही पालकांना हा प्रश्न अश्रद्धेचा वाटतो. मला तो आवडतो.

१८७२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ यांनी निनवेहून आलेल्या मातीच्या पाटीवरची प्रलयकथा जाहीर केली. तिच्यातही तारू आहे, डोंगर आहे, सोडलेले पक्षी आहेत. पुढे १९२९ च्या सुमारास लिओनार्ड वुली यांना ऊर येथे, ज्याला पुष्कळजण अब्राहामाचे गाव मानतात, गाळाचा सुमारे ३ मीटर जाड थर सापडला. नोहाचा पूर सापडला, असा गवगवा झाला. पण कीश आणि शुरुप्पाक इथले थर वेगळ्या काळातले निघाले. म्हणजे पूर एक नव्हता, पुन्हापुन्हा येत होता. तारवाला आतून-बाहेरून डांबर लावायचे होते ना? त्या मुलखात डांबर जमिनीतून आपसूक वर येते आणि नावांना तेच लावत.

भीमाकाठच्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये वर महाराष्ट्रात पाऊस कोसळला, उजनीचे पाणी सुटले, आणि अफजलपूर-जेवर्गीकडे पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच राहिले. तैग्रीस आणि फरात यांचेही तसेच. उत्तरेच्या डोंगरांत बर्फ वितळते आणि पूर येतो खाली सपाटीवर. उत्पत्तीच्या ७ व्या अध्यायात पाणी आभाळातून पडते तसे खालूनही फुटते. ही पूर पाहिलेल्यांची भाषा आहे.

मग यात देव कुठे? बाबेलच्या जुन्या कथेत माणसांच्या गोंगाटाने देवाची झोप मोडते, म्हणून प्रलय येतो. आपल्या शास्त्रात पृथ्वी जुलमाने भरते, म्हणून येतो. आठवण त्याच पाण्याची, पण देव किती निराळा! पवित्र लेखक आपल्या काळाच्या रीतीने लिहीत, हे पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्येच सांगितले आहे. तेव्हा विज्ञानाला घाबरून मुलांना गप्प बसवू नका.

भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. २०२० च्या पुरात काळजी केंद्रात बसलेल्या लोकांना "हा तुमच्या पापांचा दंड" असे ऐकवणारे होते, आणि त्यांत आपलेही काही होते. त्यांनी ९ वा अध्याय वाचला नसावा. तिथे देव धनुष्य ढगांत ठेवतो आणि करार करतो, तोही एकट्या नोहाशी नव्हे, गुराढोरांसकट सर्व जिवांशी. ज्याची म्हैस वाहून गेली त्याला आधी हे सांगायला हवे होते. आणि धरणाचे पाणी कधी सुटले, इशारा गावात वेळेवर पोचला का, हे प्रश्न देवाच्या माथी मारायचे नसतात. ते ग्रामपंचायतीत आणि तहसीलात विचारायचे असतात.

पुढच्या रविवारी वर्गात ९ वा अध्याय घेणार आहे. मोठ्यांनीही यावे.