जुळ्यांचा बाप आणि बाकाबाईची मारबत

आमच्या घरात गेले दोन महिने दोन जुळ्या पोरांच्या बापाचा शोध चालू आहे. वाचकांनी घाबरून जाऊ नये. पोरे आमची नव्हेत, अमेरिकेतली आहेत, आणि तीही कागदावरची. आमचा नातू सातवीत आहे. आमच्या लहानपणी आम्ही वेताळाच्या चित्रकथा उशीखाली लपवून वाचल्या. तो मॅग्नेटोच्या उघड्यावर वाचतो. पिढ्यांमध्ये फरक पडला तो एवढाच.

मॅग्नेटो हा एक खलपुरुष. लोखंड-पोलाद नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर उचलणे आणि वाकवणे ही त्याची विद्या. १९६३ साली ‘एक्स-मेन’ या चित्रकथेच्या पहिल्याच अंकात तो अवतरला; स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांची ती करणी. पुढच्या साली, मार्च १९६४च्या अंकात, त्याच्या टोळीत वांडा आणि पिएत्रो ही भावंडे दिसू लागली. ती चेटूक करणारी, तो वाऱ्याहून वेगाने पळणारा. त्या वेळी ती दोघे मॅग्नेटोची कोणी लागत नव्हती. चेटकीण म्हणून जमाव वांडाच्या अंगावर धावून आला असता त्याने तिला वाचवले होते, त्या उपकाराच्या ओझ्यापायी दोघे त्याची चाकरी करत होती. वर्षभरात चाकरी सोडून ती सज्जनांच्या पक्षाला गेली. गोष्ट इथेच संपली असती तर आमच्या घरातली शांतता टिकली असती.

पण १९७४ साली एका जुन्या वीराने सांगितले, की ही माझी मुले. ते पाच वर्षे टिकले. १९७९त गाईचे तोंड असलेली बोव्हा नावाची एक सुईण पुढे आली (होय, गाईचे तोंड, मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले). तिच्या साक्षीप्रमाणे मॅग्डा नावाची बाई नवऱ्याला भिऊन, पोटातले गुपित त्याला न सांगता डोंगरात पळून आली, जुळी प्रसवली, आणि त्यांना तिथेच ठेवून बर्फात निघून गेली. मग जँगो मॅक्सिमॉफ नावाच्या एका भटक्या गृहस्थाने आणि त्याच्या बायकोने त्या पोरांना आपली म्हणून वाढवले. १९८२-८३च्या सुमारास शेवटचा पडदा उघडला. मॅग्डाचा तो नवरा म्हणजे मॅग्नेटो! ज्यांना त्याने चाकर म्हणून राबवले, ती त्याचीच पोरे होती, आणि हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

“आबाजी, आहे की नाही भारी?” नातू म्हणाला.

भारी आहे खरे. पण आपल्याकडे नवे नाही. गुणभद्राच्या जैन उत्तरपुराणात सीता ही रावण-मंदोदरीचीच मुलगी आहे. अनिष्ट भविष्य ऐकून तिला पेटीत घालून दूर पाठवले, आणि ती जनकाच्या घरी वाढली. खलपुरुषाचे गुप्त अपत्य सज्जनाच्या घरी वाढावे, ही कल्पना अमेरिकेने शोधली असे समजण्याचे कारण नाही. हे मी सांगितले तेव्हा नातवाने, “रावणाला कळले होते का?” एवढेच विचारले. पोरगे नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवते.

पुढचा भाग ऐकून मात्र मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. तीस-बत्तीस वर्षे बाप असलेला मॅग्नेटो २०१४ साली बाप राहिला नाही! वांडाने रक्ताच्या नात्याला बाधेल असा एक शाप उच्चारला, तो मॅग्नेटोला बाधलाच नाही. दुसऱ्या वर्षी कळले, की ही पोरे म्हणजे एका उलट्या काळजाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगासाठी वापरलेली बालके होती. आता असे का व्हावे? त्या सुमारास ‘एक्स-मेन’च्या सिनेमांचे हक्क एका कंपनीकडे होते आणि ‘ॲव्हेंजर्स’चे दुसरीकडे. एकटा पिएत्रो २०१४ साली एकीच्या सिनेमात पळाला आणि २०१५ साली दुसरीच्या. मिळकतीच्या वाटणीपायी पोरांचा बाप बदलला गेला, असा त्या चित्रकथांच्या वाचकांना संशय आहे. खरे-खोटे प्रकाशक जाणोत. पण मिळकतीपायी बाप बदलतो, यावर माझा तरी तत्काळ विश्वास बसला. मी नागपूरचा आहे. महालात वाढलो आहे.

पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे दोन कारणांनी गाजतो. एक तान्हा पोळा. गल्लीतली पोरे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरतात. ही चाल दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी पोरांच्या हौसेसाठी सुरू केली असे सांगतात. दुसरे कारण मारबत. काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. बायकोच्या आकाराचा नव्हे, चांगला घराएवढा पुतळा. मागे गल्लीगल्लीचे बडगे. आणि खोकला, ताप, डास, महागाई, जे जे म्हणून नकोसे ते सगळे घेऊन जा, असा पोरांचा ओरडा. शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचे. काळीला कोणी पूतना म्हणतात. पण आमच्या लहानपणापासून कानावर आलेली ओळख अशी, की ही बाकाबाई. इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी.

म्हणजे पाहा, बाकाबाई ही याच दुसऱ्या रघूजीराजांची राणी. एकाच सकाळी नवऱ्याच्या नावाने पोरे लाकडी बैल मिरवतात आणि बायकोच्या नावाने बाप्ये पुतळा जाळतात.

यंदा नातवाला खांद्यावर घेण्याचे त्याचे वय राहिलेले नाही आणि माझेही. म्हणून ओळखीच्या एका गच्चीवरून दोघांनी मिरवणूक पाहिली. काळी आणि पिवळी एकाच रस्त्याला आल्या तेव्हा तो म्हणाला, “या पण जुळ्या आहेत. यांचा बाप कोण?” गच्चीवरच्या आजीबाई म्हणाल्या, “काहून रे, बाप काहून पायजे? आईले जाळतेत ते पुरे नाही का?”

मी त्याला बाप सांगितला नाही, घराणे सांगितले.

१८१६च्या मार्चमध्ये दुसरे रघूजी वारले. मुलगा परसोजी शरीराने आणि मनाने दुबळा. त्याचा ताबा बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्याकडे. चुलतभाऊ अप्पासाहेब याला तो ताबा हवा होता. त्याने तो मिळवला, आणि मिळवलेला टिकावा म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. नागपुरात इंग्रजी फौज आणणारा तह केला तो अप्पासाहेबाने, बाकाबाईने नव्हे. तिचा पक्ष तर तेव्हा हरलेला होता. पुढे फेब्रुवारी १८१७त परसोजी अंथरुणात मरून पडलेला आढळला, आणि संशय अप्पासाहेबावर गेला. मग त्याच अप्पासाहेबाने इंग्रजांवर शस्त्र उचलले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीची लढाई झाली. तो हरला, पकडला गेला, निसटला, रानोमाळ हिंडला आणि १८४०त जोधपुरास वारला. लढला, म्हणून तो आमचा नायक. मला ते मान्य आहे. सीताबर्डीच्या टेकडीकडे पाहताना माझीही मान ताठ होते. पण परसोजीचे काय झाले, हा प्रश्न त्या टेकडीवर कोणी विचारत नाही.

१८१८त गादी रिकामी. तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला बाजीबा, पोरवयाचा. त्याला परसोजीच्या विधवेने, दुर्गाबाईने, दत्तक घेतले. तो झाला तिसरा रघूजी. म्हणजे आईच्या भावाचा तो मुलगा झाला, आणि आईचा बाप त्याचा बापाकडून आजोबा झाला. नातू म्हणाला, यापेक्षा मॅग्नेटो सोपा. पोर वाढवायला बाकाबाईकडे, आणि राज्य चालवायला रेसिडेंट जेन्किन्सकडे. बाकाबाईवरचा काळा रंग इथून चढू लागला. तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. दाराशी फौज, मांडीवर परके-आपले पोर, आणि त्याच्या नावावर शिल्लक उरलेले अर्धे राज्य.

११ डिसेंबर १८५३ला तिसरे रघूजीही पुत्रावाचून गेले. राण्यांनी नात्यातला यशवंतराव अहीरराव हा मुलगा पुढे केला, जानोजी असे त्याचे नाव ठेवले. डलहौसीने दत्तक मानला नाही. १८५४त राज्य खालसा. हत्ती, घोडे, उंट सीताबर्डीला लिलावात फुंकले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. ज्या इंग्रजांनी १८१८त दत्तकाच्या हातून राज्य चालवून घेतले, त्यांनाच १८५४त दत्तक म्हणजे मुलगाच नव्हे असा साक्षात्कार झाला. सिनेमाच्या हक्कांची गोष्ट मला चटकन का पटली, ते आता ध्यानात आले असेल.

१८५७त मात्र म्हातारी बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. आपल्या माणसांना तिने उठू दिले नाही. हे खरे आहे, आणि ते पुसून काढण्याची माझी इच्छा नाही. १८५८त ती वारली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने जानोजीचे दत्तकत्व मानले आणि सातारा जिल्ह्यातल्या देऊरचे राजेबहादूर हा किताब दिला. राज्य गेले ते गेलेच. पण पोरगा मुलगा ठरला. हा सौदा तिच्या मनात होता की नाही, ते कागद सांगत नाहीत. तिच्या मरणानंतर तेवीस वर्षांनी काळी मारबत निघाली. वर्षातून एकदा गाव तिला जाळते, आणि तिने मांडीवर घेतलेल्या पोराच्या गादीसाठी मात्र ‘बिचारी गादी’ म्हणून हळहळते.

एवढ्या तावातावाने मी का बोलतो, असे सौ.ने विचारले. तिला कारण ठाऊक आहे. मीही दत्तक.

१९६०त, सातव्या वर्षी, उमरेडहून मला महालात आणले. काकांना मूल नव्हते. होम झाला, पेढे वाटले, आणि संध्याकाळी मला सांगण्यात आले की आजपासून काकू ती आई, आणि आई ती काकू. १९५६चा कायदाही तेच म्हणतो: दिल्या घेतल्या दिवसापासून जुन्या घराचे सगळे धागे तुटले. मी आज्ञाधारक मुलगा होतो. जन्मदात्रीला पुढची सत्तावीस वर्षे मी काकू म्हणालो. ती उन्हाळ्यात यायची, कैरीचे लोणचे घालून द्यायची, आणि माझ्या ताटात वाढताना मुद्दाम दुसरीकडे बघायची. ती गेली तेव्हा सुतक किती दिवस, यावर भटजी आणि थोरले भाऊ यांच्यात ओसरीवर वाद झाला. भटजींच्या मते दत्तक गेलेल्याला तीनच दिवस. भावाने माझ्याकडे पाहिले. महालातली आई तेव्हा हयात होती आणि माजघराच्या दारात उभी होती. तीच म्हणाली, “दहा धरा. तिचे मी आणले होते.”

ही गोष्ट मी मुलाला कधी सांगितली नव्हती. नातवाला सांगावी लागली, कारण शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा होता. पणजोबांसाठी छापील कागदावर एकच चौकोन होता. “आबाजी, तुमचे बाबा कोणते लिहू? खरे की वाढवणारे?”

“यात खोटा कोण?” मी विचारले.

त्याने थोडा वेळ पेन्सिल चावली. मग मॅग्नेटोचा अंक उघडून जँगो मॅक्सिमॉफचे चित्र काढून दाखवले. “याचे नाव कोणी बदलत नाही, बरं का. बाप तीनदा बदलले, पण वांडा अजून मॅक्सिमॉफच लावते.”

कागदावर शेवटी त्याने चौकोनाला मधून उभी रेघ मारून दोन खोल्या केल्या. एकीत महालातले काका-काकू, दुसरीत उमरेडचे आई-बाबा. दोन्हीकडून माझ्या नावापर्यंत रेघा आणल्या. एक तुटक काढायची होती. कुठली ते ठरेना, म्हणून दोन्ही सरळच ठेवल्या. सौ. म्हणाली, बाई मार्क कापतील. कापोत. कागद अजून शाळेतून परत आलेला नाही.