प्रभातची तुतारी

तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर अवतरली की चित्रपट ‘प्रभात’चा, हे अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकासही उमगत असे. बोधचिन्हाचे सामर्थ्य ते हेच.

विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ही कंपनी स्थापिली. 1933 मध्ये ती पुण्यास आली. त्या चिन्हास मोल लाभले ते कामामुळे. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (1936) 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पुढे भागीदार पांगले, कंपनी मिटली आणि 1960 मध्ये तिच्याच वास्तूत चित्रपट शिक्षण संस्था उभी राहिली.

तुतारीची प्रतिमा मात्र टिकली. परंतु वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावच्या विद्यार्थ्याने ती ओळखली आणि ‘संत तुकाराम’ पाहिलाच नाही, तर त्या ओळखीस अर्थ तो कोणता? जुने चित्रपट दाखविण्यास आज चित्रगृहाचीही गरज उरलेली नाही. शाळांनी वर्षातून एक तरी असा चित्रपट दाखवावा, शिक्षकांनी त्यामागील कारागिरी उलगडून सांगावी. ज्या कामाने हे चिन्ह मोठे झाले, ते काम नव्या पिढीने पाहिले पाहिजे. एरवी तुतारी केवळ शोभेची ठरेल.